सुदो म्हणजे मला घाम येतो

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. याची तार त्याला जोडून द्यायची आणि जोडून झाली की कानावरचं यंत्र लगेच काढायचं नाही, हा आमच्या खात्याचा न लिहिलेला नियम. त्यामुळे कायबारियेन गावात कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाच्या मुलीनं हवानाला जाऊन काय दिवे लावले, हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळायचं. चौकसपणा हा माझा दुर्गुण आहे असं माझी बहीण म्हणते. दुर्गुण कसला, मला त्याचा पगार मिळायचा.

फक्त एका माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते मला कधी कळलं नाही, आणि नेमकं त्याच्याशीच मी लग्न केलं. एवेलियो गावच्या बँडचा लेखनिक. बँडमास्तर नवी रचना आणणार, आणि एवेलियो तिच्यातून क्लॅरिनेटवाल्याची वेगळी, ट्रम्पेटवाल्याची वेगळी, ढोलवाल्याची वेगळी प्रत हातानं लिहून काढणार. पाच रेघांवर टिंबं अशी बसवायचा की मोत्याचा सर ओवलाय. अधूनमधून स्वतःचा दान्सोनही रचायचा. दान्सोन म्हणजे वयस्कर जोडप्यांनी एकमेकांच्या पायावर पाय न देता नाचायचा नाच. काय रचतोस म्हणून विचारलं तर म्हणायचा, वाजेल तेव्हा ऐक. गुणगुणणं नाही, बोटानं ताल धरणं नाही. खुर्चीत बसायचा, भिंतीकडे बघायचा आणि लिहायचा. लोकांच्या घराघरांतलं ऐकलेल्या बाईला स्वतःच्या घरात एवढी शांतता सोसावी लागणं हा देवाचा विनोदच म्हणायचा.

मग त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्यांचं नाव सांगितलं, आणि त्या गोळ्या सध्या मिळत नाहीत हेही सांगितलं. एवेलियो लिहीत राहिला. टिंबं रेघेवर आहेत की दोन रेघांच्या मध्ये, ते पाहणाऱ्यानं आपापलं ठरवायचं.

एका रविवारी संध्याकाळी पार्कातल्या गोल मंडपात बँडनं त्याचा नवा दान्सोन वाजवायला घेतला. सुरुवात अगदी हळुवार होती, नुसती बासरी. आणि त्या शांततेत फेर्मीननं, जो बोंबार्दिनो नावाचं पोटाएवढं पितळी वाद्य वाजवतो, समोरच्या कागदावर जे दिसलं ते पूर्ण दमानं फुंकलं. दिसलं ते चुकीचं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, कुणाची गाय सुटली बघा रे, आणि सगळं पार्क हसलं. फेर्मीनही हसला, बिचाऱ्याला काय कळणार. एवेलियो उठला, वाजवणाऱ्यांच्या समोरून एकेक प्रत गोळा केली आणि घरी आला.

त्यानंतर तो पार्कात गेला नाही. झुलती खुर्ची अंगणाच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसला. भिंतीकडे तो आधीही बघायचा, पण तेव्हा मांडीवर कागद असायचा. आता कॉफीसुद्धा मागेना. आमच्याकडे माणूस कॉफी मागायचा थांबला की शेजारणी कुजबुजायला लागतात. माझे वडील असेच गेले, काहीही झालेलं नसताना, फक्त हळूहळू कशातच उरले नाहीत म्हणून. मला भीती वाटत होती. उगीच वाकड्यातिकड्या शब्दांत कशाला सांगू, मला तो मरेल अशी भीती वाटत होती.

बँडमास्तर आर्ग्वेयेस सज्जन माणूस. एक दिवस घरी आला, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या एवेलियोच्या पाठीकडे बघत थोडा वेळ बोलला, आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला की गावच्या वर्धापनदिनाला त्याला तोच दान्सोन वाजवायचा आहे. मात्र प्रती स्वच्छ हव्यात, आणि रंगीत तालमीच्या आधी हव्यात, नाहीतर दुसरं काहीतरी घ्यावं लागेल. गावात दुसरा लेखनिक होता, तो मुलीकडे स्पेनला गेला. मी स्वतः एक पान लिहून पाहिलं. शाईत पाय बुडवून कोंबडी चालून गेली असती तरी बरं दिसलं असतं.

आर्ग्वेयेस जाता जाता म्हणाला की हल्ली हे काम कॉम्प्युटरवरही होतं. तो गेला, आणि मी जेवणाच्या टेबलाच्या टोकाला पाहिलं. तिथं भाचा युनिएरचा कॉम्प्युटर विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवला होता. युनिएर देश सोडून गेला तेव्हा विकता येईल ते सगळं विकलं, हा डबा मात्र कुणी घेईना म्हणून आमच्याकडे टाकला. त्यात लिनक्स आहे मावशी, मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, याला रोगराई होत नाही, असं म्हणाला होता. मी त्यावर पत्ते खेळायचे आणि मालिका बघायचे. मला वाटलं, पत्ते चालतात तर सूर का चालू नयेत.

आमच्या गावात तरुणांचा संगणक क्लब आहे. नाव तरुणांचं, पण तरुण गाव सोडून गेल्यामुळे तिथं शाळकरी पोरं आणि आम्ही म्हातारे. तिथली शिक्षिका दायामी, सडपातळ, तिशीतली, पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. मी तिला म्हणाले, घरी लिनक्स आहे, संगीत लिहायचा प्रोग्रॅम दे. ती म्हणाली, देते, पण तुमच्याकडचं लिनक्स कुठलं?

"काळं आहे," मी म्हणाले. "पुढचं एक बटण तुटलंय."

तिनं हसू आवरलं, हे तिच्या संस्कारांचं. मग शांतपणे समजावलं की लिनक्समध्येही जाती आहेत, त्यांत पुन्हा जुनं-नवं आहे, आणि एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याला चालेलच असं नाही. घरी जाऊन काय दाबायचं आणि काय वाचून यायचं ते सांगितलं. मी गेले, वाचलं, आले. तिनं माझ्या इवल्याशा पेनड्राइव्हमध्ये एक फाइल घालून दिली. मला वाटलं काम झालं. माझ्या हिशेबानं प्रोग्रॅम म्हणजे कॅसेट, घातली की वाजली.

घरी आल्यावर फाइलवर दोनदा टिचकी मारली, तर पडद्यावर पाटी आली की हा प्रोग्रॅम अमुक एका पॅकेजवर, म्हणजे प्रोग्रॅमच्याच दुसऱ्या एका गाठोड्यावर, अवलंबून आहे आणि ते पॅकेज तुमच्याकडे नाही. ज्यांच्या घरी इंटरनेट असतं त्यांची मशीन असल्या गोष्टी आपल्या आपण मागवून घेतात म्हणे. आमच्याकडे ती माझ्या पायांनी यायची. मी क्लबमध्ये गेले, ते पॅकेज आणलं. ते म्हणालं, मी आणखी दुसऱ्यावर अवलंबून आहे. ते आणलं, तर त्याचंही कुणीतरी निघालं. दुसरी कुणी असती तर वैतागली असती. मला मात्र मजा वाटायला लागली, कारण हे सगळं ओळखीचं होतं. परवाच मला काळ्या घेवड्याची उसळ करायची होती. लसूण कोपऱ्यावरच्या बाईकडे, तिला त्याबदली तेल हवं, तेल माझ्या बहिणीकडे, ती साबण मिळाल्याशिवाय तेल काढणार नाही, आणि साबण त्याच्याकडे ज्याच्याशी मी बोलत नाही. म्हणजे उसळ साबणावर अवलंबून. आमच्या देशात हे लहान मुलालाही कळतं. मी दायामीला म्हणाले की तुझ्या या मशीनला कुणी परदेशी म्हणू नये, हे पक्कं आपल्यातलं आहे.

ती पुन्हा हसली, आणि या वेळी म्हणाली, थांबा मावशी, किती खेटे घालणार, एकदमच देते. तिच्याकडच्या मोठ्या डिस्कवर सगळ्या पॅकेजांचा साठा होता. त्यातून तिनं लागेल ते सारं एका फोल्डरमध्ये काढलं. शेवटी एक राहिलं. वाद्यांचे आवाज ज्यात असतात ते पॅकेज माझ्या पेनड्राइव्हमध्ये मावेना. ते नसलं तर प्रोग्रॅम चालेल, सूर लिहिता येतील, छापता येतील, फक्त लिहिलेलं ऐकू येणार नाही.

"चालेल," मी म्हणाले. "नवऱ्यालासुद्धा आवाज नाही. त्याच्याबरोबर संसार केलाच ना."

मग तिनं एका चिठ्ठीवर एक ओळ लिहून दिली. काळी खिडकी उघडायची, आणि ही ओळ जशीच्या तशी लिहायची.

आता ऐका, इथंच माझी फजिती झाली. ती ओळ सुरू होत होती 'सुदो' या शब्दानं. सुदो म्हणजे आमच्या स्पॅनिश भाषेत 'मला घाम येतो'. त्या दिवशी क्लबातला पंखा बंद होता, दायामीच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या, आणि आमच्या गावात निम्मी वाक्यं सुरूच उकाड्यापासून होतात. मला वाटलं, पोरीनं सवयीनं लिहिलं. जशी मी युनिएरला निरोप पाठवते तेव्हा आधी गुडघ्याबद्दल लिहिते, मग मुद्द्याचं. मी मनातल्या मनात तिला बिचारी म्हणाले, तो शब्द सोडला आणि पुढचं सगळं अक्षर न अक्षर लिहिलं. मशीननं सांगितलं, परवानगी नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा परवानगी नाही. एक्स्चेंजमध्ये आम्हीही लोकांना असंच सांगायचो, त्यामुळे त्या वाक्याचा राग येणं माझ्या हाडातच आहे.

मी तणतणत क्लबमध्ये गेले. दायामीनं विचारलं, जशीच्या तशी लिहिली का? मी म्हणाले, तुझं घामाचं तेवढं सोडून. ती आधी नुसती बघत राहिली. मग टेबलावर डोकं टेकून इतकी हसली की गृहपाठ करणारी पोरं मान वळवून पाहायला लागली. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "मावशी, मी रोज शंभर वेळा लिहिते तो शब्द, आणि मला एकदाही सुचलं नाही. तो इंग्रजीतून आलाय. त्याचा अर्थ, या घराचा मालक मी आहे, मी सांगतोय म्हणून कर."

"म्हणजे घाम येतो म्हटल्याशिवाय मशीन कुणाला मालक मानत नाही?"

"तसंच समजा."

"मग हा कायदा लिहिणारा भला माणूस असला पाहिजे," मी म्हणाले. "घाम गाळेल त्याचा हक्क. आपल्याकडे हे फक्त सरकारी घोषणांत, भिंतींवर रंगवलेलं असतं."

दायामीनं इकडंतिकडं पाहिलं आणि विषय बदलला. पासवर्ड विचारेल, तो माहीत आहे ना, म्हणाली. तो मला माहीत होता. युनिएरनं जाताना कानात सांगितला होता. तो लहानपणी मला ज्या बोबड्या नावानं हाक मारायचा, तेच नाव. सोडून गेला म्हणून त्याच्यावर माझा राग आहे, पण पासवर्डाच्या बाबतीत त्याला माफ केलं.

घरी आले आणि मशीनपुढं बसून या वेळी स्पष्ट लिहिलं की मला घाम येतोय. खोटंही नव्हतं. मशीननं पासवर्ड मागितला. मी पहिलं अक्षर दाबलं, पडद्यावर काही उमटेना. दुसरं दाबलं, तरी नाही. ना अक्षर, ना टिंब. मला वाटलं कीबोर्ड मेला. जोरात दाबून पाहिलं, उचलून झटकला, त्यातून पावाचे तुकडे पडले. मी इतका आवाज केला असणार की अंगणातली झुलती खुर्ची थांबली. एवेलियो दारात येऊन उभा राहिला. कित्येक दिवसांत तो आपणहून कुठल्या दारात आला नव्हता.

काय झालं, त्यानं विचारलं. मी सांगितलं की मी लिहितेय आणि ते घेत नाहीये. त्यानं वाकून पडद्याकडे पाहिलं. चौकोन लुकलुकत होता, तेवढाच.

"विराम आहे," तो म्हणाला.

"काय?"

"संगीतात विराम असतो तसा. वाद्य गप्प असतं, पण मात्रा मोजल्या जात असतात. दिसत नाही म्हणून मोजत नाही असं नाही. तू थांबू नकोस, पूर्ण कर."

तेवढं बोलून तो तिथंच उभा राहिला, आणि मी माझं बोबडं नाव त्या काळोखात पूर्ण लिहून एंटर दाबलं. आणि पडद्यावर ओळी धावायला लागल्या. पांढऱ्या, एकीखाली एक, वाचायच्या आत वर सरकणाऱ्या. हे उघडतोय, ते बसवतोय, हे लावतोय. आम्ही दोघं बघत राहिलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अमक्याला तमकं सापडतंय, जोडणी होतेय, एवढं दिसत होतं. माझ्या जुन्या स्विचबोर्डपुढं बसल्यासारखं वाटलं. शेवटी ओळी थांबल्या आणि चौकोन पुन्हा लुकलुकायला लागला.

प्रोग्रॅम उघडला. कोरं पान आलं, त्यावर पाच पाच रेघा. एवेलियोनं खुर्ची ओढली, बसला आणि बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "रेघा किती सरळ आहेत." मी कीबोर्डातून पडलेले पावाचे तुकडे गोळा करत बसले. बोलले असते तर रडले असते.

थोड्या वेळानं त्यानं कॉफी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. मशीनचा उंदीर, म्हणजे माउस, त्याच्या हातात दिला तर पडद्यावरचा बाण मधमाशीसारखा भिरभिरायचा, म्हणून हात माझे आणि डोकं त्याचं. त्याची थरथरती जुनी प्रत मलाच काय, आता त्यालाही नीट लागत नव्हती. तो सांगायचा, मी लिहायची. आणि मशीनला आवाज नसल्यामुळे, मी लिहिलेलं बरोबर आहे का हे कळायला त्याला ते म्हणून दाखवावं लागायचं. पहिल्यांदा तो गुणगुणला तेव्हा मी उंदीर सोडून त्याच्याकडे बघत राहिले. बारीक, घोगरा आवाज, पण काय नेमका. मी म्हणाले, एवढी वर्षं हे सगळं कुठं ठेवलं होतंस? तो म्हणाला, तू विचारलं नाहीस. आता बघा, ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांना सगळं विचारलं तिला हे ऐकावं लागलं. मी त्याला आठवण करून दिली की विचारलं की तू म्हणायचास, वाजेल तेव्हा ऐक. त्यावर तो म्हणाला, "मग वाजतंय की."

मी विचारत सुटले. हा सूर इतका लांब का? कारण इथं नाचणारी बाई वळते आणि पुरुषानं थांबायचं असतं. इथं सगळे एकदम गप्प का? कारण नाचणाऱ्यांनी घाम पुसायचा असतो. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट भांडतायत का? भांडत नाहीत, एक ऐकतोय आणि एक ऐकल्यासारखं करतोय. मी म्हणाले, हे आपलं घर आहे. तो म्हणाला, तुझं लक्ष लिहिण्याकडे असू दे.

मध्येच वीज जायची आणि जतन न केलेलं सगळं पाण्यात. दोनचारदा नाकी नऊ आले, मग प्रत्येक ओळीनंतर जतन करायची सवय लागली. दायामीनं एक युक्तीही शिकवली. एका वाद्याचा तुकडा दुसऱ्यालाही तसाच हवा असेल तर पुन्हा लिहायचा नाही, उचलून चिकटवायचा. त्यामुळे शेवटचा भाग झपाझप झाला. कागद आर्ग्वेयेसनं जमवला, कुठल्याशा जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजू, आणि क्लबात प्रती छापून झाल्या. काळ्याभोर, सरळ, कुठलंही टिंब कुठं बसलंय याबद्दल शंका नको. तालमीच्या संध्याकाळी एवेलियोनं इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला, आणि मी त्याच्याबरोबर निघाले. लेखनिकाच्या हातांना कुणी अडवणार नाही असं मी म्हणाले.

तालीम बँडच्या हॉलमध्ये होती. बासरीनं सुरुवात केली. फेर्मीन त्याच्या जागी गप्प बसला, जिथं यायचं तिथंच आला. मी भिंतीला टेकून ऐकत होते. यातला एकेक सूर मी बोटानं बसवलेला, आणि तरी मी तो पहिल्यांदा ऐकत होते. ती वळणारी बाई मला दिसली. घाम पुसणारे लोक दिसले. मी एवेलियोकडे पाहिलं, तो डोळे मिटून होता, चेहरा सैल.

आणि शेवटच्या भागात त्याचे डोळे उघडले.

वाजवणं संपलं तशी फेर्मीननं मान वर केली. "एवेलियोभाऊ, माझ्याकडे घोटाळा आहे," तो म्हणाला. "मागच्या तालमींत इथं 'ला' हा सूर कोमल होता. वरून खाली उतरायचो आपण. आता नुसता 'ला' आहे, वर जातोय." त्यानं शेजाऱ्याच्या प्रतीत डोकावून पाहिलं. "याच्याकडेपण तसंच. सगळ्यांकडेच."

मला क्षणात आठवलं. घरी सांगताना एवेलियो 'ला' म्हणाला, आणि बाहेर ओरडा झाला की पाण्याचा टँकर आलाय. मी बादल्या घेऊन धावले. तो 'कोमल' म्हणाला असेल तेव्हा मी दाराबाहेर होते. परत आले, नुसता 'ला' लिहिला आणि पुढं गेले. आणि मग तीच चूक हौसेनं उचलून सगळ्या वाद्यांना चिकटवली. फेर्मीनच्या कागदावर एक टिंब हललं होतं, मी तर अख्खा बँड चुकवला होता. हॉलमध्ये सगळे एवेलियोकडे बघत होते. कुणीतरी मागं खाकरलं. मला ते खाकरणं हसण्याआधीचं वाटलं. आता पुन्हा हसले तर हा माणूस कायमचा त्या भिंतीकडे तोंड करून बसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चूक माझी आहे असं सांगायला मी पुढं झाले. एवेलियोनं माझं मनगट धरलं. त्याचा हात हलत होता, त्याबरोबर माझाही हलायला लागला.

"पुन्हा वाजवा," तो म्हणाला. "तेवढाच तुकडा."

त्यांनी वाजवलं. मी कान देऊन ऐकलं, पण मला बरंवाईट काय कळणार. संपल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. तो विराम होता की नकार, मला सांगता आलं नसतं.

"घोटाळा नाही," तो म्हणाला. "तसंच आहे."

आर्ग्वेयेसनं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवातीपासून घ्या म्हणाला.

घरी येताना मी त्याला सोडलं नाही. म्हणाले, मला वाचवायला खोटं बोललास. आयुष्यभर एक टिंब इकडचं तिकडं होऊ दिलं नाहीस, रात्र रात्र पानं फाडलीस, आणि आज एवढी मोठी चूक गिळलीस. उद्या घरी बसून मी दुरुस्त करते, एक बटण दाबायचं काम आहे. तो चालत राहिला. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाला, "हात लावायचा नाही त्याला. मी लिहायला लागल्यापासून माझा प्रत्येक दान्सोन त्या जागी खाली उतरतो. वर जाता येतं हे मला सुचलंच नव्हतं." मी म्हणाले, हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस. त्यावर तो कोपरा वळून पुढं निघाला. खरं काय ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी रोज विचारते.

वर्धापनदिनाला पार्क भरलं होतं. बँडनं दान्सोन वाजवला. जोडपी नाचली, वळायच्या जागी वळली, थांबायच्या जागी थांबून त्यांनी घाम पुसला. त्या सुराशी आल्यावर काही झालं असं मी म्हणणार नाही. कुणी हसलं नाही, एवढंच. पण नाच संपला तरी एक म्हातारं जोडपं हात न सोडता उभं राहिलं, आणि ती बाई तो तुकडा स्वतःशीच गुणगुणत होती, वर जाणारा.

फेर्मीन वाद्य पुसत आमच्यापाशी आला. म्हणाला, एवेलियोभाऊ, खरं सांगा, तो सूर आधी खाली होता. वर न्यावा हे कसं सुचलं?

"घरात वाद झाला," एवेलियो म्हणाला. "बायको जिंकली."

फेर्मीन हसला आणि त्याच्याबरोबर एवेलियोही हसला. मी नाचणाऱ्यांकडे तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते फेर्मीनला दाखवायचे नव्हते.